जाते गेले, मनातले मनातच राहिले

सदर : घरचे आरोग्य

आपल्याकडचा माणूस "मला दुःख झाले आहे" असे क्वचितच म्हणतो. तो म्हणतो, "डोके धरले आहे." बाई म्हणते, "छातीत धडधडते, घास गिळवत नाही, हातापायांत जीव राहिला नाही." मग दवाखाना होतो. सलाइन लागते, ताकदीचे इंजेक्शन होते, रक्त-लघवी तपासून होते. "काही नाही, सगळे ठीक आहे," असे सांगून डॉक्टर घरी पाठवतात. घरची माणसे बोलतात, "काही नाही म्हणतात, मग ही सोंगेच की!"

मायबहिणींनो आणि शेतकरी बंधूंनो, घोटाळा इथेच होतो. तपासणीत काही निघाले नाही म्हणून माणसाला काही नाही, असे होत नाही. दुखणे खरे असते. ते उपजलेले असते मनात; पण मनाला तोंड मिळाले नाही म्हणून ते अंगातून बोलत असते. आज या दुखण्याविषयी आणि त्यावरच्या एका साध्या उपायाविषयी बोलायचे आहे. माणसाच्या बोलण्याला कान द्यायचा आणि त्याच्या अंगाकडेही लक्ष द्यायचे, असा तो उपाय आहे.

आधी असे का होते ते समजून घेऊ. यावल-चोपड्याकडे केळीच्या बागेत रात्री पाणी धरायला गेलेल्या माणसासमोर बिबट्या उभा राहिला तर काय होईल? छाती धडधडेल, श्वास वरच्या वर होईल, अंग ताठ होईल, तोंडाला कोरड पडेल, भूक कुठल्या कुठे जाईल. हे शरीराचे शहाणपण आहे. पळायला किंवा काठी उगारायला लागणारे बळ ते एका क्षणात गोळा करते. बिबट्या निघून गेला की घटकाभरात सारे जागेवर येते.

आता सोसायटीचे कर्ज, कापसाचा पडलेला भाव, वादळात आडवी झालेली केळी, सासरी नांदत नसलेली लेक, यांचे काय? शरीराला बिबट्या आणि बँकेची नोटीस यांतला भेद कळत नाही. ते तशीच तयारी करते. पण नोटिशीपासून पळता येत नाही आणि तिच्यावर काठीही उगारता येत नाही. हा बिबट्या रात्रंदिवस उशाशी बसून राहतो. मग खांदे सैल पडत नाहीत, दातांवर दात राहतात, पोट बिघडते, झोप तुटते. महिनोन्‌महिने हे चालले की माणूस आधी चिडतो, मग थकतो आणि शेवटी त्याला कशातच गोडी वाटेनाशी होते.

आपल्या आज्या-पणज्यांना हे शास्त्र ठाऊक नव्हते. पण त्यांच्याकडे एक जागा होती. ती म्हणजे जाते. पहाटे दोघी जणी समोरासमोर बसत, दोघींचे हात एकाच खुंट्यावर. जाते फिरे, श्वास त्याच्या फेऱ्याबरोबर चाले आणि जे कोणाला सांगता येत नव्हते ते ओवीतून बाहेर पडे. माहेरची आठवण, नवऱ्याचा अबोला, गेलेले लेकरू. समोर सासूच असली तर सासुरवासाची ओवी जरा वळण घेऊन येई, पण येई. समोरची ऐके आणि आपली ओवी तिला जोडी. अंगाला एक लय, श्वासाला वाट आणि ऐकणारा एक कान, या तिन्ही गोष्टी एकाच घटकेत जमून येत.

ही काही लहान गोष्ट नव्हती. साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा करून 'स्त्री जीवन' हे पुस्तक केले. १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवणारे हेच ते गुरुजी. पुढे गी पॉइतव्हँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आणि आपल्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी तर सर्वांना ठाऊक आहेत. १८८० चा जन्म, अक्षरओळख नाही, तिशीत वैधव्य. शेतात आणि घरात हात चालू असताना त्या रचत गेल्या. १९५१ साली त्या वारल्या आणि त्यांची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने निघाली. त्यांची सर्वांत नावाजलेली कविता मनावरच आहे, हा योगायोग म्हणता यायचा नाही.

याचा अर्थ जाते परत आणा असा कोणी घेऊ नये. घरभराचे दळण रोज हाताने काढणे हे पाठ मोडणारे काम होते. गिरणी आली हे फार बरे झाले. शिवाय ओवी म्हणून दुःख हलके होई, पण मारझोड थांबत नसे आणि सावकाराचे देणे फिटत नसे, हेही खरे. मात्र गिरणीत डबा ठेवून बाई परत आली तेव्हा रोजची ती बोलण्याची घटका तिच्या हातून गेली. तिच्या जागी दुसरे काही आले नाही. वर्षातून एकदा आखाजीला लेकी माहेरी येतात, झोक्यावर गाणी होतात, मन मोकळे होते. पण उरलेले दिवस कोणाशी बोलायचे?

आणि पुरुषाला तर जाते कधीच नव्हते. त्याला पार होता, भजन होते, चहाचे दुकान होते. पण पारावर बोलायचे ते भावाचे, पावसाचे आणि निवडणुकीचे. "मला रात्री झोप येत नाही, जीव घाबरतो," असे पारावर सांगणारा गडी कोणी पाहिला आहे का? पुरुषाने रडायचे नाही असे लहानपणापासून शिकवलेले. सरकारी आकडेवारीत शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमध्ये वर्षानुवर्षे महाराष्ट्राचे नाव वर असते आणि त्यांत पुरुष कितीतरी जास्त असतात. त्याची कारणे भावात आहेत, कर्जात आहेत, पाण्यात आहेत. त्यासाठी भांडावेच लागेल. पण भांडायला माणूस जिवंत आणि धड राहिला पाहिजे. म्हणून या सदरात हा विषय.

शहरांत आता समुपदेशक म्हणून काम करणारी माणसे असतात. त्यांच्या अनेक पद्धती आहेत. त्यांतली एक पद्धत आपल्या जात्याच्या बरीच जवळची आहे. अमेरिकेत शिकागो विद्यापीठात यूजीन जेंडलिन नावाचे एक अभ्यासक होते. उपचाराच्या वेळी झालेल्या संभाषणांच्या ध्वनिफिती त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लक्ष देऊन ऐकल्या. बोलून कोणाला गुण येतो आणि कोणाला येत नाही, हे त्यांना शोधायचे होते. त्यांना आढळले की ज्यांना गुण येतो ती माणसे आपली कहाणी भराभर सांगत सुटत नाहीत. ती मध्येच थांबतात, छातीत-पोटात नेमके काय होते आहे ते चाचपतात आणि त्याला जुळणारा शब्द शोधतात. तो शब्द सापडला की एक मोठा सुस्कारा सुटतो आणि अंग सैल पडते. १९७८ साली त्यांनी यावर पुस्तक लिहिले. सुस्कारा म्हणजे काय हे खानदेशातल्या म्हातारीला शिकागोहून शिकवायला नको. पण तिचे म्हणणे तिकडे तपासून पाहिले गेले, एवढे लक्षात घ्यावे.

नुसते अंग सैल सोडल्यानेही फरक पडतो, हे तर आपल्या मुंबईतच दिसून आले. केईएम रुग्णालयातले डॉ. के. के. दाते आणि त्यांचे सहकारी यांनी रक्तदाबाच्या ४७ रोग्यांना शवासन शिकवले. त्यांतल्या बऱ्याच जणांचा रक्तदाब उतरला आणि कित्येकांच्या गोळ्या कमी करता आल्या. १९६९ साली हे काम छापून आले.

आता कोणी विचारील, हे सारे मोठ्या डॉक्टरांचे. आमच्या गावात कोण करणार? गोव्यातली 'संगाथ' ही संस्था आणि तिच्याबरोबरच्या अभ्यासकांनी याचे उत्तर दिले आहे. तिथल्या सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, उदासीने ग्रासलेल्या लोकांशी बोलायला त्यांनी साधी स्थानिक माणसे तयार केली. ती डॉक्टर नव्हती. अर्धा-पाऊण तासाच्या सहा ते आठ भेटी व्हायच्या. ऐकून घ्यायचे, पूर्वी कशात गोडी होती ते विचारायचे आणि त्यांतले एखादे लहानसे काम पुन्हा सुरू करायला लावायचे, एवढाच मुख्य गाभा. तीन महिन्यांनी पाहिले तर ज्यांना या भेटी मिळाल्या त्यांच्यापैकी १०० तले ६४ जण आजारातून बाहेर आले होते. ज्यांना नेहमीचेच उपचार मिळाले त्यांच्यात हे प्रमाण १०० तले ३९ होते.

आपल्या आणखी जवळचे उदाहरण अमरावती जिल्ह्याचे. तिथल्या ३० कापूसपट्ट्यातल्या गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून घरोघर पाठवले. सुरुवातीला उदासीचा आजार असलेल्या १०० जणांपैकी जेमतेम ४ जण कोणाची तरी मदत घेत होते. प्रकल्पानंतरच्या पाहणीत ते प्रमाण २७ झाले. गेल्या वर्षभरात जीव द्यावासा वाटला असे सांगणारे १०० त सुमारे ५ होते, ते अडीचपर्यंत उतरले. २०१७ साली हे प्रसिद्ध झाले. कापूस तोच, कर्ज तेच, ऊन तेच. जे अमरावतीला जमले ते धरणगावला, पारोळ्याला, साक्रीला का जमू नये?

मग करायचे कसे? एक उदाहरण घेऊ. समजा, शिंदखेड्याकडचा एक कापूसवाला शेतकरी आहे. घरात सगळे त्याला आप्पा म्हणतात. गेले दोन महिने तो गप्प आहे, जेवणावरून उठतो, पोरांवर खेकसतो. धाकटा भाऊ त्याच्याबरोबर बांधावर शेंगा निवडत बसला आहे. बसायची ही जागाही महत्त्वाची. समोर बसवून "सांग काय झाले ते" म्हटले की पुरुष गप्प होतो. हात कामात आणि नजर खाली असली की बोल फुटतो. धाकटा आधी अंगाचे विचारतो.

"आप्पा, रात्री झोप लागते का?"

"लागते. पण दोनला जाग येते."

"मग?"

"मग पडून राहायचे. छातीवर गोणी ठेवल्यासारखे होते."

इथे आपल्यातले बहुतेक जण म्हणतील, "सोडा घे, पित्त असेल." किंवा, "इतका विचार करू नये माणसाने." दोन्हींनी बोलणे बंद पडते. शहाणा भाऊ त्याचेच शब्द त्याला परत देतो.

"गोणी ठेवल्यासारखे. कधीपासून?"

आप्पा बराच वेळ बोलत नाही. भाऊही घाई करीत नाही. मग आप्पा म्हणतो, "तो वसुलीवाला येऊन गेला तेव्हापासून. पोरीसमोर बोलला तो."

"म्हणजे पैशापेक्षा पोरीसमोर बोलला ते जास्त लागले."

"हो."

पाहा, दोन महिने घरातले सगळे कर्जाचा हिशेब करीत होते आणि सल सलत होता तो लाजेचा. कर्ज अजून तेवढेच आहे. पण गोणीत काय भरले आहे ते कळले, आणि दुसऱ्या कोणाला तरी ते ठाऊक झाले. त्या रात्री कदाचित झोप थोडी बरी लागेल. दुसऱ्या दिवशी लेकीला जवळ बोलावून चार शब्द बोलता येतील. कर्जासाठी सोसायटीत कोणाला भेटायचे हे डोके ताळ्यावर असले म्हणजे सुचते.

ऐकणाऱ्याने चार गोष्टी सांभाळाव्यात. सल्ला लगेच देऊ नये. "अमक्याचे तर तुझ्याहून वाईट आहे" अशी तुलना करू नये. ऐकलेले चहाच्या दुकानात नेऊ नये. आणि एकदा ऐकून सोडून न देता दोन दिवसांनी पुन्हा विचारावे. बोलणे झाल्यावर एक लहानसे काम ठरवावे. सकाळी गोठ्यापर्यंत सोबत चालून येणे, सोडलेले भजन पुन्हा धरणे, असे काहीही. गोडी आल्यावर काम करू असे म्हणत बसले तर गोडी येत नाही. काम धरले म्हणजे मागून गोडी येते.

अंगासाठी रोज दहा मिनिटांचा हा पाठ बाई-पुरुष दोघांनीही करावा. खाटेवर किंवा ओट्यावर बसावे, तळपाय जमिनीला टेकवावेत आणि जमिनीचा स्पर्श नीट जाणून घ्यावा. मुठी आवळून पाच आकडे मोजावेत, मग सोडाव्यात. तसेच खांदे कानांकडे ओढून सोडावेत, दात दाबून सोडावेत. मग चार आकडे श्वास आत, सहा आकडे श्वास बाहेर. बाहेरचा श्वास लांब ठेवला की धडधड हळूहळू उतरते. एक हात छातीवर ठेवून आता इथे काय वाटते ते स्वतःला विचारावे. दाटले आहे, जळते आहे, रिकामे आहे, जे असेल ते. त्याला नाव द्यावे, हुसकून लावू नये. काही जणांना असे अंगाकडे पाहिल्याने उलट भीती वाढते. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत आणि समोरच्या पाच वस्तू मोजाव्यात. लिंब, रहाट, बैल, घागर, कुडाची भिंत. मन पुन्हा अंगणात येते.

खानदेशात या अंगाच्या जाणिवेचे शिक्षण देणारे एक ठिकाणही आहे. धुळ्याजवळ डेडरगाव तलावाच्या बाजूला 'धम्म सरोवर' हे विपश्यनेचे केंद्र आहे; सत्यनारायण गोयंका यांनी १९७६ साली इगतपुरीला जे काम उभे केले त्याच परंपरेतले. तिथे दहा दिवस मौन पाळून श्वास आणि अंगावरच्या संवेदना पाहायला शिकवतात. ज्याचे मन स्थिर आहे त्याला त्याचा उपयोग होतो. मात्र ज्याला गंभीर मानसिक आजार आहे त्याला तिथे पाठवू नये. असा आजार असेल तर येऊ नये असे हे लोक स्वतःच सांगतात. मन फाटलेले असताना दहा दिवसांच्या मौनापेक्षा बोलायला माणूस आणि तपासायला डॉक्टर जास्त गरजेचा.

आता मर्यादा सांगतो. छातीत दुखत असेल तर आधी हृदयाचा आलेख काढून घ्यावा. थकवा असेल तर रक्त, साखर आणि थायरॉइड तपासावे. बाळंतिणीची उदासी अंगावर काढू नये. बोलणे हे गोळ्यांचे वैरी नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. बायकोला मारझोड होत असेल तर तिला श्वास घ्यायला शिकवून भागत नाही, मारणारा हात थांबवावा लागतो. आणि कोणी भूत काढतो म्हणून मारझोड करीत असेल, चटके देत असेल तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे.

एक गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. माणूस फारच खचलेला दिसला तर सरळ विचारावे, "जीव नकोसा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत खोटी आहे. उलट विचारणारा भेटला म्हणून माणसाला हायसे वाटते. उत्तर 'हो' आले तर त्याला एकटे सोडू नये. फवारणीची औषधे घरात, गोठ्यात मोकळी ठेवूच नयेत; ती कुलपात असावीत आणि अशा वेळी किल्ली शेजाऱ्याकडे द्यावी. तो क्षण टळला की पुष्कळदा माणूस टिकतो. मग लगेच दवाखाना गाठावा.

महाराष्ट्रातली चार जुनी सरकारी मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत. खानदेशात एकही नाही. पण घाबरायचे कारण नाही. अशा बहुतेक दुखण्यांना तिथे जावेही लागत नाही. धुळ्याला १९८८ पासून आणि जळगावला २०१८ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे मानसोपचाराची चौकशी करावी. तेवढे जाणे होत नसेल तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात तो सुरू झाला. चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. हा आकडा दाराच्या मागे खडूने लिहून ठेवा.

आणि या आठवड्यात एक करा. आपल्या घरात अलीकडे सगळ्यांत कमी कोण बोलते, ते मनाशी आठवा. नवरा असेल, जाऊबाई असेल, बारावीचा पोरगा असेल. त्याच्या शेजारी काही तरी निवडत, सोलत बसा. आधी झोपेचे विचारा. मग गप्प राहा आणि ऐका.